म्हणणे आणि मोजणे

पाच चिंचोके डोळ्यांना दिसतात, हाताला लागतात. पण ‘पाच’ हा गुण त्यांतल्या कुठल्याही एका चिंचोक्यात सापडत नाही. चिंचोका तपकिरी आहे, गुळगुळीत आहे, हे एकेकाकडे पाहून सांगता येते. ते पाच आहेत हे सांगायचे तर सगळे मनात एकत्र धरावे लागतात. रंगांची किंवा फळांची नावे शिकवण्यापेक्षा संख्या शिकवणे अवघड जाते ते यामुळेच. मोठ्या माणसाने ओळीने बोट ठेवत ‘एक, दोन, तीन, चार, पाच’ म्हटले, तर शेवटच्या चिंचोक्याचे नावच ‘पाच’ आहे असे लहान मुलाला वाटणे स्वाभाविक आहे. ‘पाच दे’ म्हटल्यावर तो एकच चिंचोका उचलून देणाऱ्या मुलाने आपल्याला जे दाखवले गेले त्याचा सरळ अर्थ लावलेला असतो.

संख्याबोध या एका शब्दात बरेच काही सामावते. तीन-चार वस्तू न मोजता एका नजरेत ओळखणे, दोन ढिगांपैकी जास्त कोणता हे सांगणे, संख्यानामे ठरलेल्या क्रमाने म्हणणे, एका वस्तूला एकच नाव देत मोजणे, शेवटचा शब्द सगळ्या समूहाचा आहे हे उमगणे, सातमध्ये पाच आणि दोन लपलेले आहेत हे दिसणे, आणि या सगळ्याला अंकाचे चिन्ह जोडणे. यांतले काही मूल जन्मतः घेऊन येते, काही घरातल्या बोलण्यातून उचलते, आणि काहींसाठी कोणीतरी समजून-उमजून सोबत करावी लागते. ही सोबत सर्वांत जास्त लागते ती तिसऱ्या वर्षापासून आठव्या वर्षापर्यंत, म्हणजे अंगणवाडी-बालवाडीपासून दुसरीपर्यंत. या पुस्तकाचा विषय तोच काळ आहे.

तान्ह्या बाळाला संख्येची काही जाण असते का, हा प्रश्न अर्धशतकापूर्वी कोणी फारसा विचारलाही नसता. १९८० साली स्टार्की आणि कूपर यांनी काही महिन्यांच्या बाळांना दोन आणि तीन ठिपक्यांतला फरक जाणवतो, असे त्यांच्या नजरेच्या हालचालींवरून दाखवले. कॅरन विन यांचा १९९२ सालचा प्रयोग अधिक गाजला. पाच महिन्यांच्या बाळासमोर एक बाहुली ठेवायची, तिच्यापुढे पडदा धरायचा, पडद्यामागे दुसरी बाहुली जाताना बाळाला दिसू द्यायची आणि मग पडदा खाली करायचा. तिथे दोनऐवजी एकच बाहुली उरली असेल, तर बाळे तिकडे जास्त वेळ टक लावून पाहत. ही बेरीज म्हणायची की केवळ वस्तूंचा माग ठेवणे, यावर संशोधकांत अजून मतभेद आहेत. २००० साली शू आणि स्पेल्के यांनी दुसरी बाजू पुढे आणली. सहा महिन्यांच्या बाळांना आठ आणि सोळा ठिपक्यांतला फरक कळतो, आठ आणि बारांतला कळत नाही. म्हणजे मोठ्या समूहांची जी जाण जन्मतः असते ती अंदाजाची असते आणि दोन संख्यांच्या प्रमाणावर अवलंबून राहते. लहान समूहांचे मात्र वेगळे. विल्यम जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८७१ साली वालासारखे दाणे पेटीत टाकून, एका दृष्टिक्षेपात किती ओळखता येतात हे स्वतःवरच तपासले होते. तीन-चारपर्यंत त्याची चूक झाली नाही. पाचपासून होऊ लागली.

या दोन जन्मजात देणग्या मिळूनही ‘नेमके सात’ ही कल्पना तयार होत नाही. ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या पिराहा आणि मुंडुरुकू या समाजांचे अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाले. पिराहा भाषेत नेमक्या संख्यांसाठी शब्दच नाहीत आणि मुंडुरुकू भाषेत ते पाचच्या आसपास थांबतात. या समाजांतली प्रौढ माणसे अंदाजाने तुलना चांगली करतात, पण मोठ्या संख्येतला नेमकेपणा त्यांना अवघड जातो. नेमक्या संख्येसाठी माणसाला शब्दांची माळ लागते. ही माळ समाजाने घडवलेली असते आणि प्रत्येक मुलाला ती नव्याने आत्मसात करावी लागते. संख्या शिकवण्याच्या बहुतेक अडचणी इथून सुरू होतात, कारण माळ पाठ होते लवकर आणि तिचा उपयोग उमगतो पुष्कळ उशिरा.

अडीच-तीन वर्षांचे मूल दहापर्यंत खडाखड म्हणते. घरातल्यांना आनंद होतो, पाहुण्यांसमोर म्हणून घेतले जाते, आणि ‘याला आकडे येतात’ असा निर्वाळा दिला जातो. विन यांनीच वापरलेली एक साधी चाचणी या निर्वाळ्याची परीक्षा घेते. मुलापुढे वस्तूंचा ढीग ठेवायचा आणि ‘मला एक दे’, ‘दोन दे’, ‘तीन दे’ असे मागत जायचे. दहापर्यंत म्हणणारी कितीतरी मुले एक मागितला तर एक देतात आणि दोन किंवा चार मागितले तर मूठभर उचलून देतात. काही महिन्यांनी त्यांना ‘दोन’चा अर्थ कळतो, आणखी काही महिन्यांनी ‘तीन’चा. इथवरचा प्रवास एकेका संख्येचा असतो. मग साडेतीन-चार वर्षांच्या सुमारास एक मोठी उडी येते. मोजताना जो शब्द शेवटी येतो तोच समूहाची संख्या सांगतो, हे मुलाला कळते, आणि त्याला म्हणता येणारी सगळीच संख्यानामे एकदम अर्थपूर्ण होतात. पहिल्या शब्दापासून या उडीपर्यंत एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ जातो. घाई करून हा काळ फारसा आखडता येत नाही, आणि दुर्लक्ष केले तर तो लांबतो.

मोजणे म्हणजे नक्की काय, याची सर्वांत नेमकी मांडणी रॉशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल यांनी १९७८ साली केली. त्यांच्या मते मोजणीमागे पाच तत्त्वे असतात. प्रत्येक वस्तूला एक आणि एकच शब्द द्यायचा. शब्दांचा क्रम बदलायचा नाही. शेवटचा शब्द सगळ्या समूहाची संख्या सांगतो. काहीही मोजता येते, मग ते खडे असोत, उड्या असोत की घंटेचे टोल. आणि सुरुवात कोणत्याही वस्तूपासून केली तरी उत्तर तेच येते. दुसऱ्या तत्त्वाचे एक चांगले उदाहरण महाराष्ट्रातल्या खळ्यावर मिळते. धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायची रीत आहे. पुढे दोन, तीन असे चालू राहते. शब्द बदलला तरी हिशेब चुकत नाही, कारण त्या जागी दर वेळी तोच शब्द येतो. शेवटचे तत्त्व मुलांना सर्वांत उशिरा पटते. ओळीच्या मधल्या वस्तूपासून मोजायला सुरुवात केली तर पुष्कळ चार वर्षांच्या मुलांना तो नियमभंगच वाटतो.

ही उडी मारली म्हणजे काम संपले, असे समजणे ही दुसरी मोठी चूक. पाच खड्यांत आणखी तीन टाकले, तर चार-पाच वर्षांचे मूल पुन्हा ‘एक’पासून मोजू लागते. कॅरन फ्युसन यांनी १९८८ च्या आपल्या पुस्तकात या टप्प्यांचा बारकाईने माग काढला. सुरुवातीला शब्दांची साखळी अखंड असते. ती फक्त पहिल्या टोकापासून म्हणता येते. हळूहळू ती कुठेही तोडता येते, ‘पाच’वरून पुढे ‘सहा, सात, आठ’ असे जाता येते, मग उलटेही येता येते. बेरजेची खरी सुरुवात इथे होते. याच काळात मुलाला एका संख्येच्या पोटात दुसऱ्या संख्या दिसू लागतात. आठ म्हणजे पाच आणि तीन, आठ म्हणजे दहाला दोन कमी. हे ज्याला दिसते त्याला वजाबाकी वेगळी शिकवावी लागत नाही. ज्याला दिसत नाही ते मूल दुसरीतही पाटीवर रेघा ओढून मोजत राहते आणि वीसच्या पुढे गेले की रेघांतच हरवते.

इथे बोटांचा प्रश्न येतो. ‘बोटांवर मोजू नकोस’ असे सांगणारे शिक्षक आणि पालक अजून पुष्कळ आहेत. बोटे सोडून मनात हिशेब यावा ही त्यांची इच्छा रास्त आहे, पण मार्ग उलटा आहे. ब्रायन बटरवर्थ यांच्यासारख्या संशोधकांनी बोटांची जाण आणि संख्येची जाण यांचे नाते आग्रहाने मांडले आहे, आणि वर्गातला अनुभवही तेच सांगतो. दोन हातांवर पाच-पाच बोटे असल्यामुळे सात म्हणजे एक पूर्ण हात आणि दोन, हे मुलाला न शिकवता दिसते. आपल्याकडची पेरांवर मोजण्याची पद्धत मोठ्यांच्या सोयीची आहे, एका हाताच्या चार बोटांवर बारापर्यंत जाता येते. पण तिथे गट तीन-तीनचे पडतात आणि पाच-दहाची रचना झाकली जाते. म्हणून सुरुवातीला पूर्ण बोटेच वापरू द्यावीत.

संख्येचे मूळ कशात आहे, या प्रश्नावर शिक्षणाच्या इतिहासात वेगवेगळे पंथ झाले. पहिल्या पंथाने पाहण्यावर भर दिला. पेस्टालॉझी यांनी वस्तू प्रत्यक्ष पाहण्या-हाताळण्याला शिक्षणाचा पाया मानले, आणि पुढे १८४२ साली जर्मनीतल्या ग्रुबे यांनी त्यातून एक काटेकोर पद्धत बनवली. पहिले सगळे वर्ष एक ते दहा या संख्यांना द्यायचे, एकेक संख्या घेऊन तिची बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार सगळे तिच्यातच पाहायचे. पद्धत कंटाळवाणी झाली, पण संख्येच्या पोटात शिरून पाहण्याची तिची दृष्टी टिकाऊ ठरली. दुसऱ्या पंथाने मोजण्याला अग्रस्थान दिले. तिसरा पंथ मापण्याचा. जॉन ड्यूई आणि मॅक्लेलन यांनी १८९५ साली असे मांडले की संख्या गरजेतून, म्हणजे एखादे परिमाण घेऊन काहीतरी मापण्यातून जन्मते. सोव्हिएत रशियात दाविदोव यांनी हाच धागा फार पुढे नेला. त्यांच्या अभ्यासक्रमात मुले आधी लांबी, वजन, पाण्याची पातळी यांची तुलना करतात, ‘हे त्याच्यापेक्षा मोठे’ हे अक्षरांनी मांडतात आणि अंक नंतर येतात. महाराष्ट्रातल्या घरात हा तिसरा मार्ग सर्वांत सहज उपलब्ध आहे. आमटीला किती वाट्या पाणी, पिठाला किती ओंजळी, हे मूल रोज पाहते. शाळेने त्याकडे फार कमी लक्ष दिले.

विसाव्या शतकाच्या मध्यावर झाँ पियाजे यांनी सगळी चर्चाच बदलून टाकली. त्यांचा मुलांच्या संख्याकल्पनेवरचा ग्रंथ १९४१ साली फ्रेंचमध्ये आणि १९५२ साली इंग्रजीत आला. सारख्याच संख्येच्या वस्तूंच्या दोन ओळी समोरासमोर मांडायच्या, मुलाने ‘सारख्या आहेत’ म्हटले की त्याच्या डोळ्यांदेखत एक ओळ पसरायची आणि पुन्हा विचारायचे. चार-पाच वर्षांची मुले लांब दिसणाऱ्या ओळीत जास्त वस्तू आहेत असे सांगत. पियाजे यांचा निष्कर्ष असा की क्रम लावणे आणि वर्गीकरण करणे यांचे तर्कशास्त्र पक्के झाल्याशिवाय संख्या समजत नाही, मग मूल कितीही मोजो. हा निष्कर्ष शाळांनी फार शब्दशः घेतला. जोड्या लावणे, रंगानुसार गट करणे, लहान-मोठे असा क्रम लावणे हे ‘गणितपूर्व’ काम महिनोन्महिने चालू राहिले आणि मोजणी मागे ढकलली गेली. पुढे मॅक्गॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी सत्तरच्या दशकात तोच प्रयोग किंचित बदलून केला. ओळ मोठ्या माणसाने पसरण्याऐवजी एका खट्याळ टेडीने ‘चुकून’ विस्कटली, तर कितीतरी अधिक मुलांनी ‘सारख्याच आहेत’ असे बरोबर सांगितले. आधीच्या प्रयोगात मूल वस्तूंबरोबर मोठ्या माणसाचा हेतूही वाचत होते. मुलाची परीक्षा घेणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवायला हवे. एकच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की मुलाला वाटते, पहिले उत्तर चुकले असणार.

हॉलंडमध्ये हान्स फ्रॉइडेन्थाल यांच्या प्रेरणेने वास्तवाधारित गणिताची धारा वाढली. मण्यांची माळ, मोकळी संख्यारेषा, पाच-पाचच्या रंगांची मणीपाटी ही साधने या धारेने वर्गात रुजवली. दिल्लीच्या ‘जोडो ज्ञान’ या संस्थेने शंभर मण्यांची ‘गणितमाला’ भारतातल्या शाळांत नेली. दहा मणी एका रंगाचे, पुढचे दहा दुसऱ्या रंगाचे. ४८ कुठे आहे हे शोधताना मूल पन्नासच्या अलीकडे दोन पावले येते, आणि संख्येचे स्थान त्याच्या बोटांना ठाऊक होते.

महाराष्ट्रात हा विषय कोऱ्या पाटीवर आलेला नाही. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अंक गिरवले जात आणि संध्याकाळी एका सुरात उजळणी होई. पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी पाठ होत. बाजारहाट, सावकारी आणि कुलकर्ण्याचे दप्तर यांना लागणारा तोंडी हिशेब या पद्धतीने पक्का केला, हे तिचे श्रेय कोणी नाकारू नये. पण तिची सवय नंतरच्या काळात खालच्या वयात झिरपली आणि चार वर्षांच्या मुलालाही म्हणायला लावणे म्हणजेच गणित शिकवणे ठरले. अंकलिपीची पहिली पाने आजही बहुतेक घरांत म्हणण्यासाठीच उघडली जातात.

वेगळी वाट विसाव्या शतकात आली. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह सुरू केले. त्यांच्या लाल-निळ्या दांड्या दहा सेंटिमीटरपासून एक मीटरपर्यंत वाढत जातात, त्यामुळे ‘सात’ ही सात सुट्या वस्तूंबरोबर एक सलग लांबीही होते. काड्यांच्या पेटीतला पहिला कप्पा रिकामा राहतो आणि मुलाला शून्य हातात येते. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर उभे केले. ताराबाई मोडक तिथे त्यांच्या सहकारी झाल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. माँटेसरींची साधने महाग होती. ताराबाईंचे आणि अनुताई वाघ यांचे मोठे काम असे की त्यांनी तत्त्व ठेवले आणि साधने बदलली. १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांतल्या मुलांबरोबर, त्यांनी बिया, खडे, पाने, शिंपले यांतून बालवाडी चालवली. शाळेत येऊ न शकणाऱ्या मुलांसाठी शाळाच अंगणात आणि कुरणात नेली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतल्या अंगणवाडीच्या कल्पनेमागे असे प्रयोग होते. खेदाची गोष्ट ही की अंगणवाडी गावोगाव पोचली, पण कोसबाडचा चिंचोका मात्र बहुतेक ठिकाणी भिंतीवरच्या छापील तक्त्याला हरला.

मराठीतून संख्या शिकणाऱ्या मुलापुढे एक खास चढण आहे, आणि परदेशी पुस्तकांत तिचा उलगडा मिळत नाही. दहापर्यंत सगळ्या भाषा जवळपास सारख्या सोप्या किंवा अवघड. पुढे वाटा फुटतात. चिनी भाषेत अकरा म्हणजे ‘दहा-एक’. केविन मिलर आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली चिनी आणि अमेरिकी बालकांची तुलना केली तेव्हा दहापर्यंत फरक नव्हता; तो दहाच्या पुढे दिसू लागला. मराठीत शंभरापर्यंत जवळजवळ प्रत्येक नाव स्वतंत्र लक्षात ठेवावे लागते. तीन हा अंक तेहतीस, त्रेचाळीस, त्र्याहत्तर असा वेष बदलतो. साठचे ‘सष्ट’ होते, सत्तरचे ‘हत्तर’, पन्नासचे कधी ‘वन्न’ तर कधी ‘पन्न’. एकोणीस ते एकोणनव्वद ही आठ नावे पुढच्या दशकातून एक वजा करून तयार झालेली आहेत, आणि ती सवय लागली की नव्व्याण्णव नियम मोडते. शिवाय एकक आधी आणि दशक नंतर बोलायचे, लिहायचे मात्र दशक आधी. बत्तीस ऐकून २३ लिहिणारे मूल निष्काळजी नसते. त्याने ऐकल्याच क्रमाने लिहिलेले असते. जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांच्या २००९ सालच्या अभ्यासात, ऐकून लिहिताना झालेल्या चुकांपैकी जवळजवळ निम्म्या या उलटापालटीशी निगडित निघाल्या.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, त्रेसष्ट यांच्या जोडीने ‘वीस एक’, ‘साठ तीन’ अशी मांडणी आली आणि वर्तमानपत्रांपासून विधिमंडळापर्यंत वाद झाला. पाठ्यपुस्तकाच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी या बदलामागची मुलांची अडचण समजावून सांगितली. विरोधकांना भाषेची मोडतोड दिसली. वादाच्या गदारोळात मधली वाट दुर्लक्षित राहिली. त्रेसष्ट हे नाव बाजारात, बसमध्ये, आजीच्या बोलण्यात आहे, ते मुलाला यायलाच हवे. पण सहा गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या हातात असताना ‘साठ आणि तीन, म्हणजे त्रेसष्ट’ असे म्हटले, तर नावाचा अर्थ उघडतो. नाव बदलायची गरज नाही, ते फोडून दाखवायची आहे. भाषेने दिलेल्या सोयीही आहेत. मराठीत माणसे मोजताना ‘दोघे’, ‘तिघी’, ‘चौघे’ म्हणतात. हे शब्द कधीच ओळीने म्हटले जात नाहीत, ते समूहालाच लागतात. शेवटचा शब्द समूहाचा असतो हे ज्या मुलाला उमगायचे आहे, त्याच्याशी ‘तुम्ही तिघे इकडे या’ असे बोलणे हाच एक पाठ असतो. शेतातल्या घरात कडब्याच्या पाच पेंढ्यांचा पाचुंदा बांधला जातो, बाजारात केळी डझनाने मिळतात. गट करून मोजण्याची कल्पना या मुलांना घरूनच मिळते.

लिपीचा प्रश्नही छोटा नाही. पाटीवर ६, मोबाइलवर आणि नाण्यावर वेगळा सहा. देवनागरी १ तर आंतरराष्ट्रीय नऊच्या जवळ जाणारा. सेमी-इंग्रजीच्या वर्गात नावे आणि चिन्हे दोन्ही बदलतात. वारली, गोंडी, कोरकू, पावरी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांना तर शाळेत मोजणीबरोबर मोजणीची भाषाही नवी असते. या मुलांना संख्या कळत नाही असा शेरा मारण्याआधी त्यांच्या भाषेत विचारून पाहणे हे शिक्षकाचे पहिले काम आहे.

हा विषय आत्ताच तातडीचा का, याची कारणे धोरणात आहेत आणि वर्गातही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत स्तर सलग मानला. जुलै २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाले आणि तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यावे यासाठी २०२६-२७ ही मुदत ठरली. दुसरीकडे, ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी वजाबाकी येणारी मुले ३३.७ टक्केच निघाली. ही वजाबाकी दोन अंकी, हातच्याची. दशक फोडून दहा सुटे होतात हे ज्याला दिसले नाही त्याला ती येणार नाही, आणि ते न दिसण्याची सुरुवात तिसरीत होत नाही, ती बालवाडीत झालेली असते. ग्रेग डंकन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातल्या मुलांच्या दीर्घकालीन नोंदी एकत्र तपासल्या, तेव्हा शाळेत येतानाचे गणितज्ञान पुढच्या यशाचा सर्वांत भरवशाचा संकेत ठरले. वाचनाच्या यशाशीही त्याचे नाते दिसले. अशा आकड्यांनी पालक घाबरतात, आणि शहरांतल्या शिशुवर्गांत चार वर्षांच्या मुलाला एक ते शंभर लिहून आणायला सांगितले जाते. हा उपाय रोग वाढवणारा आहे. शंभर ओळी भरतात, आणि वीस गोट्या मोजून द्यायला सांगितल्या तर हात थांबतो.

उपाय पुष्कळदा साधे असतात. सीग्लर आणि रमाणी यांनी २००८ साली अमेरिकेतल्या गरीब घरांतल्या बालकांबरोबर, एका ओळीत एक ते दहा अंक असलेल्या पटावर सोंगटी पुढे सरकवण्याचा खेळ खेळला. दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटांची चार सत्रे पुरली, आणि कोणता अंक किती मोठा याची मुलांची समज लक्षणीय सुधारली; रंगांच्या पटावर खेळलेल्या मुलांत तसे झाले नाही. आपल्याकडे सापशिडी घरोघर आहे. पण तिचा पट ओळीगणिक दिशा बदलतो, आणि मुले फाशावरचे ‘एक, दोन, तीन’ मोजत सोंगटी हलवतात, घरातले अंक वाचत नाहीत. पाचव्या घरावरून निघताना ‘सहा, सात, आठ’ असे म्हणायला लावले, तर तोच खेळ वेगळे शिकवू लागतो. सागरगोट्यांत आधी एकेक, मग दोन-दोन, मग तीन-तीन उचलताना संख्येची फोड हातानेच होते. या खेळांना वर्गात जागा मिळाली पाहिजे, केवळ मधल्या सुट्टीत नव्हे.

प्रस्तुत पुस्तक अंगणवाडीताई, बालवाडी आणि पहिली-दुसरीचे शिक्षक आणि लहान मुलांचे पालक यांच्यासाठी आहे. कोणत्याही एका पंथाची बाजू ते घेत नाही. पाहणे, मोजणे आणि मापणे या तिन्ही वाटांनी मूल संख्येपर्यंत पोचते, असे त्याचे गृहीत आहे. कोणत्या मुलाला आत्ता कोणती वाट हवी हे ओळखायला मदत करणे हा त्याचा हेतू. म्हणून प्रत्येक टप्प्यावर आधी मुलाचे निरीक्षण येते. ते काय देते, काय उचलते, कुठे थांबते, कोणती चूक पुन्हा पुन्हा करते, आणि त्या चुकीतून त्याचा कोणता विचार दिसतो. कृती त्यानंतर येतात. त्या चिंचोके, काड्या, मणी, वाट्या आणि बोटे यांनी करता येतील अशाच निवडल्या आहेत. तीस मुलांच्या आणि एका ताईच्या वर्गात ज्या करता येणार नाहीत त्या गाळल्या आहेत.

अंकलेखनाला पुस्तकात मुद्दाम उशिरा जागा दिली आहे, आणि शून्याला त्याहून उशिरा. रिकाम्या वाटीची गंमत मात्र सुरुवातीपासून आहे. अकरा ते नव्व्याण्णव या नावांना स्वतंत्र आणि मोठा विभाग मिळाला आहे, कारण मराठी मुलांच्या अडचणींचा सर्वांत दाट भाग तिथे आहे. ज्या मुलांना चांगली सोबत मिळूनही संख्या फार जड जाते, त्यांच्याविषयी पुस्तक निदान करत नाही; कोणत्या खुणा दिसल्या तर तज्ज्ञाकडे न्यावे एवढेच सांगते. शंभरापुढच्या संख्या, उभ्या मांडणीची बेरीज-वजाबाकी आणि पाढे यांचा विचार या पुस्तकाच्या कक्षेबाहेर ठेवला आहे.